आग लागण्याआधीची बैठक

हातातलं काम चालू द्या, पण कान इकडे ठेवा. आज कर्जाच्या हप्त्याविषयी काही सांगणार नाही, बँकेच्या कागदांविषयीही नाही. आज आगीची गोष्ट सांगणार आहोत. म्हणजे खरं तर आग विझवणाऱ्यांची. ती दूरदेशची आहे आणि पावणेतीनशे वर्षांहूनही जुनी आहे, पण ऐकता ऐकता तुम्हाला आपल्याच गटाची बैठक डोळ्यांसमोर दिसायला लागेल.

आधी ही गोष्ट आम्ही शोधायला का गेलो ते सांगतो. गेल्या चैत्रात आमच्या गावात एक गोठा जळाला. भर दुपारची वेळ, गोठ्याला लागूनच कडब्याची गंजी. ठिणगी कुठून पडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. आरडाओरडा ऐकून आम्ही सगळ्या धावलो. जिच्या हाताला जे लागलं ते तिने घेतलं, कोणी हंडा, कोणी कळशी, कोणी भाताचं पातेलं. हौदाकडे जाणारीचा परत येणारीला धक्का लागत होता. निम्मं पाणी वाटेतच सांडत होतं. एकीने ओतलं की दुसरी येईपर्यंत जाळ पुन्हा उभा राहत होता. अर्ध्या तासात हौद कोरडा पडला. तालुक्याहून बंब आला तेव्हा धुमसणारी राख तेवढी राहिली होती. माणसं वाचली, पण दोन शेळ्या आणि एक वासरू गेलं.

खरी बोच नंतर लागली. वरच्या आळीला, हाकेच्या अंतरावर, बोअरची मोटर त्या वेळी चालू होती आणि ठिबकसाठी आणलेल्या लांब पाइपाचं वेटोळं तिथेच पडलेलं होतं. पण ते घर दुसऱ्या गटाच्या अध्यक्षबाईंचं. शाळेची खिचडी कोणत्या गटाने शिजवायची यावरून आमचं आणि त्यांचं वर्षभर बोलणं बंद होतं. त्यांना वाटलं, बोलावलं नाही तर जायचं कसं. आम्हाला वाटलं, हाक मारायची कोणत्या तोंडाने. या संकोचात ती शेळ्या-वासरं गेली, असं आम्ही आज उघड कबूल करतो.

त्यानंतरच्या बैठकीत एकीने विचारलं, "बंब नव्हते तेव्हा लोक काय करत होते?" आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण त्यात राजे, लढाया आणि तह होते. बादली कुठेच नव्हती. मग वाचनालयात बसलो, वाचलं, विचारलं. त्यातून जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

अमेरिकेच्या पूर्वेला डेलावेअर नदीच्या काठी फिलाडेल्फिया नावाचं शहर आहे. आपण तिथे जाणार आहोत ते १७३६ साली. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, पुण्यात थोरल्या बाजीरावांचा शनिवारवाडा उभा राहून तेव्हा चारच वर्षं झाली होती. अमेरिका हा वेगळा देश झालेला नव्हता, तिथे इंग्रजांच्या वसाहती होत्या. घरोघरी चुलाणं पेटलेलं, उजेडाला मेणबत्ती नाहीतर दिवा आणि छपरांना लाकडाचा भरपूर वापर. १७३० साली तिथल्या नदीच्या धक्क्याजवळ आग लागली आणि वखारी, घरं जळून गेली. त्यानंतर गावाने बंब, बादल्या, शिड्या असं सामान जमवायला सुरुवात केली. सामान तर हवंच. पण आग लागताच ते घेऊन कोणी धावायचं, कोणी कुठे उभं राहायचं, हे सामान आपण होऊन सांगत नाही.

या गावात बेंजामिन फ्रँकलिन नावाचा छापखानेवाला राहत होता. पुढे तो फार मोठा झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. पण त्याचे वडील साबण आणि मेणबत्त्या करणारे, घर सतरा मुलांचं, शाळा जेमतेम दोन वर्षं. तो स्वतःचं वर्तमानपत्र काढायचा. १७३५ साली त्यात आगीविषयी एक पत्र छापून आलं. लिहिणाऱ्याने स्वतःला गावातला एक म्हातारा म्हणवलं होतं, पण पत्र फ्रँकलिनचंच होतं. त्यात त्याने अगदी घरगुती गोष्टी सांगितल्या होत्या. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जळते निखारे उघड्या फावड्यावरून नेऊ नका. धुराडी वेळच्या वेळी साफ करून घ्या. आग लागल्यावरच्या धावपळीपेक्षा आधीची थोडी काळजी कितीतरी स्वस्त पडते, हा त्याचा मुद्दा. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हे आपल्या आजीने सांगितलं तेच. आपल्याकडेही शेजारणीकडून विस्तव आणायची रीत होती. वाऱ्याच्या दिवशी विस्तव झाकून ने, असं म्हाताऱ्या बजावून सांगत.

पत्रावर तो थांबला नाही. ७ डिसेंबर १७३६ रोजी त्याने मित्रांना एकत्र करून एक मंडळ काढलं. नाव युनियन फायर कंपनी. कंपनी म्हटलं तरी ती धंद्याची कंपनी नव्हती, तो माणसांचा गट होता. पगार कोणालाच नाही. दिवसा आपापला उद्योग करायचा आणि आगीची हाक आली की सगळं सोडून धावायचं.

आता या गटाचे नियम ऐका. प्रत्येक सभासदाने स्वतःच्या खर्चाने चामड्याच्या बादल्या आणि जाड कापडाच्या मोठ्या पिशव्या घ्यायच्या. चामड्याच्या अशासाठी की हातोहात फेकाफेकीत लाकडी बादली फुटते, चामड्याची फुटत नाही. पिशव्यांना तोंडाशी ओढून आवळायची दोरी. त्या पाण्यासाठी नव्हत्या, जळत्या घरातले कपडे, भांडीकुंडी, कागदपत्रं भरून बाहेर काढण्यासाठी होत्या. प्रत्येक बादलीवर आणि पिशवीवर मालकाची खूण घालायची आणि ती दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायची नाही. आणि आग लागली की सगळ्यांनीच आत घुसायचं नाही. काहींनी दाराशी पहारा ठेवायचा, कारण गोंधळात चोर हात मारतात.

महिन्यातून एकदा बैठक. तिथे एकत्र बसायचं, संध्याकाळ हसतखेळत घालवायची आणि आगीविषयी कोणाला काय सुचलं ते बोलायचं. बैठकीला जो येणार नाही त्याला दंड. मैत्रिणींनो, आलं ना लक्षात? आपल्याकडे बैठक चुकवली की पाच-दहा रुपये दंड लागतो आणि कितीतरी जणींना तो जुलूम वाटतो. त्या लोकांनी दंडाच्या याच चिल्लर पैशांतून पुढे बंब, शिड्या आणि जळतं छप्पर ओढून पाडायचे लांब आकडे विकत घेतले. फ्रँकलिनने म्हातारपणी आपल्या आत्मचरित्रात हे आवर्जून लिहून ठेवलं आहे.

आणखी एक नियम आम्हाला फार भावला. सभासद वारला तर त्याच्या बायकोला मंडळाने सोडायचं नाही. ती विधवा म्हणून राहील तोवर नवरा जिवंत असताना जी मदत मिळाली असती तीच तिला मिळेल. तिने फक्त बादल्या आणि पिशव्या नीट राखायच्या. त्या मंडळात बाईला सभासद करून घेत नव्हते, हेही खरं. पण बादली तिच्या हातात राहिली आणि तिच्यामागे गट उभा राहिला.

मंडळात तीस जण झाले. मग आणखी लोक यायला लागले, आम्हालाही घ्या म्हणाले. फ्रँकलिनच्या मंडळींनी सांगितलं, इथे दाटी नको, तुम्ही तुमचं वेगळं मंडळ काढा. असं करत एकामागून एक मंडळं निघत गेली. आपल्याकडेही वीस जणींच्या वर गट वाढवत नाहीत, दुसरा काढतात. कारण तेच. माणसं मोजकी असली की कोण आलं, कोण नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.

प्रत्यक्ष आग कशी विझवत? ही रीत त्या एका मंडळाची नाही, त्या काळात सगळीकडे तीच होती. विहिरीपासून किंवा नदीपासून आगीपर्यंत माणसांच्या दोन रांगा करायच्या. एका रांगेतून भरलेल्या बादल्या हातोहात पुढे जायच्या, दुसरीतून रिकाम्या मागे यायच्या. कोणी जागा सोडून पळायचं नाही, बादली सरकते, माणूस नाही. रिकाम्या बादल्यांच्या रांगेत बऱ्याचदा बाया आणि मुलं असत. हातबंब आला तरी ही रांग लागायचीच, कारण बंबाच्या पिंपात पाणी बादल्यांनीच भरावं लागे. मग दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर माणसं आळीपाळीने वरखाली करत आणि तोटीतून पाणी उडे. हे वाचताना आमचा गोठा आठवत होता. आमच्याकडे त्या दिवशी हातांची कमी नव्हती, हंड्यांची नव्हती. फक्त रांग नव्हती.

पुढे १७५२ साली फ्रँकलिन आणि या मंडळांतल्या लोकांनी मिळून घरांच्या आगीच्या विम्याची संस्था काढली. सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याचं घर जळेल त्याला त्यातून उभं करायचं. ही संस्था आजही चालू आहे. विमा काढलेल्या घराच्या भिंतीवर तिची खूण लावत. त्या खुणेत चार हात एकमेकांची मनगटं धरून चौकोन करतात. लहानपणी हाताची पालखी करून कोणाला बसवायचो ना, अगदी तशी पकड.

आता दुसरी बाजू. इतिहास सांगायचा तर गोडगोड तेवढाच सांगून चालणार नाही.

१८१८ साली फिलाडेल्फियातल्या स्वतंत्र काळ्या लोकांनी आपलं स्वतःचं आग विझवणारं मंडळ काढायचं ठरवलं. त्यांनाही घरं होती, त्यांच्याही घरांना आग लागत होती. पण गोऱ्यांच्या मंडळांनी एकजूट करून विरोध केला. यांना कोणी मदत करू नये, असा प्रचार झाला. दबाव इतका वाढला की ते मंडळ सुरू होता होताच बंद करावं लागलं. आग विझवायला आलेल्या हातांनाही त्यांनी रंग पाहून परत पाठवलं. पाणी कोणाचं, हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते याच प्रश्नासाठी.

त्याच सुमाराला न्यूयॉर्क शहरात मॉली विल्यम्स नावाची एक काळी बाई होती. गुलामीत जन्मलेली. ज्या व्यापाऱ्याच्या घरी ती राबायची तो तिथल्या ११ नंबरच्या बंब मंडळाचा सभासद होता. ती मंडळाच्या लोकांसाठी रांधायची. तिची गोष्ट तिकडे अशी सांगतात. एका हिवाळ्यात मंडळातले बहुतेक पुरुष तापाने अंथरुणाला खिळले होते आणि बाहेर बर्फाचं वादळ होतं. तेवढ्यात आगीची हाक आली. मॉलीने अंगातला साधा सुती झगा आणि एप्रन तशीच ठेवून बंबाचा दोर धरला आणि तो बर्फातून ओढत नेला. अमेरिकेतली आग विझवणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात. शंभर मैलांच्या आत दोन शहरं. एकीकडे काळ्या लोकांचे हात नाकारले गेले आणि दुसरीकडे एका काळ्या बाईच्या हातांनी मंडळाची अब्रू राखली.

मंडळं वाढली तशी त्यांच्यात चढाओढही वाढली. आगीवर आधी कोण पोहोचतं, रस्त्यावरच्या नळाला आधी पाइप कोण लावतं, यावरून शर्यती सुरू झाल्या. मग मारामाऱ्या. एकमेकांचे पाइप कापले गेले, बंब मोडले गेले, आणि कधीकधी हे भांडण चालू असताना शेजारी घर जळत राहिलं. लोक कंटाळले. शेवटी सिनसिनाटी शहराने १८५३ साली पगारी दल उभं केलं आणि फिलाडेल्फियाने १८७१ साली. ज्या गावात एवढा सुंदर कारभार सुरू झाला, तिथली मंडळं आगीने नाही, आपसातल्या भांडणांनी मोडली. हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो. खिचडीचं भांडण प्रत्येकीला आठवत होतं, पण बोललं कोणीच नाही.

म्हणून ही प्रथा संपली असं मात्र नाही. मोठ्या शहरांत पगारी दल आलं, पण खेड्यांत आणि लहान गावांत मंडळं टिकली. आजही अमेरिकेत आग विझवणाऱ्या दर तिघांपैकी जवळपास दोघे बिनपगारी स्वयंसेवक आहेत. कोणी शेतकरी, कोणी शिक्षिका, कोणी दुकानदार. खिशातलं यंत्र वाजलं की गिऱ्हाईक सोडून निघायचं. बंब ठेवायची जागा ही त्या गावाची चावडीही असते. तिथेच लग्नाचं जेवण, तिथेच मतदान, तिथेच नाश्त्याच्या पंगती. लोक पैसे देऊन धिरड्यांसारखे गोड पॅनकेक किंवा तळलेले मासे खायला येतात आणि त्या पैशांतून नवा पाइप, नवे बूट येतात. पूर्वी या पंगतींचं काम मंडळाला जोडलेल्या बायकांच्या गटाकडे असायचं. रात्रभर आग चालली तर गरम कॉफी आणि पाव घेऊन त्याच पोहोचायच्या. हळूहळू बायकांनी पाइपही हातात घेतला. आता तिथल्या स्वयंसेवकांत दर दहांमागे साधारण एक स्त्री असते.

आपल्याकडे मुंबईचं अग्निशमन दल मोठं, पगारी आणि शूर. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. विझवता विझवता प्रचंड स्फोट झाले आणि दलाचे ६६ जवान जागीच गेले. त्यांच्या आठवणीत आपण दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती असते, त्यामुळे ही तारीख आपल्याला विसरायची सोय नाही. त्या जवानांना आपला नमस्कार. पण आपल्या वाडीपर्यंत बंब यायला वेळ लागणार, हे सांगायला कोणी शहाणा नको. तोवरची मिनिटं आपलीच असतात.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगतो. सर्वात अवघड काम आधी केलं. हळदीकुंकवाचं निमित्त करून वरच्या आळीला गेलो. अध्यक्षबाईंनी दार उघडलं, क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "या. त्या दिवशी मीच यायला हवं होतं." आम्ही म्हणालो, "नाही ताई, हाक आम्ही मारायला हवी होती." खिचडीचा विषय आम्हीही काढला नाही, त्यांनीही नाही. तो अजून मिटायचा आहे. पण ग्रामसंघाच्या बैठकीत दोन्ही गटांनी मिळून एक ठराव लिहिला.

गावात पाणी कुठे कुठे आहे, मोटरीची किल्ली कोणाकडे असते, कोणत्या घरी लांब पाइप आहे, ट्रॅक्टरचा टँकर कोणाचा, हे एका कागदावर लिहून अंगणवाडीच्या भिंतीवर लावलं. शिट्टी वाजवायला दोघी ठरवल्या. १०१ किंवा ११२ ला फोन लावून गावाची खूण नीट सांगायला एक मुलगी ठरवली. गुरांची दावी सोडायला दोघी, कारण त्या दिवशी दावं कापायला विळाही कोणाच्या हाती नव्हता. म्हातारी माणसं आणि लेकरं बाहेर काढायला दोघी. बाकीच्यांची रांग. प्रत्येकीच्या दारात एक बादली फक्त आगीसाठी, तिच्यावर लाल रंगाने नाव. त्या बादलीत धुणं भिजवलेलं दिसलं तर दहा रुपये दंड.

दर बैठकीत पाच मिनिटं आगीवर बोलतो. गंजी घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब रचायची. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करायचा आणि झाकण सरकवून ठेवायचं. विजेची आग असेल तर आधी मेन स्विच बंद. लुगड्याला आग लागली तर धावायचं नाही, जमिनीवर लोळायचं. भाजलं तर साध्या गार पाण्याखाली बराच वेळ धरायचं, शाई, हळद, टूथपेस्ट काही लावायचं नाही, आणि दवाखाना गाठायचा.

पहिल्या सरावाच्या दिवशी गंमत झाली. रांग लावली, पण निम्म्या जणी भरलेली बादली घेऊन सवयीने चालायलाच लागल्या. हसून हसून पुरेवाट झाली. दुसऱ्या वेळी मात्र दोन्ही गटांच्या बाया एक सोडून एक उभ्या केल्या, आमची एक, त्यांची एक. म्हणजे बादली पुढे जायची तर दुसऱ्या गटातल्या बाईच्या हातात द्यावीच लागते. त्या दिवशी पाणी सांडलं नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की वही मिटण्याआधी एवढं विचारा. पाणी कुठे आहे, किल्ली कोणाकडे आहे, शिट्टी कोण वाजवणार? आणि आपल्या गावात असं कोणतं घर आहे का, जिथे हाक मारायला आपल्याला संकोच वाटतो? असेल तर आगीची वाट पाहू नका, आधीच जाऊन या.

येतो आम्ही. नमस्कार.